पहिली-दुसरीच्या वर्गासाठी ऋतूंनुसार हाताने करण्याचे उपक्रम : सोलापूरच्या हवामानाला धरून काय करता येईल?

दुसरीचा_वर्ग (धागाकर्ती)

नमस्कार. मी सोलापूर शहरातील एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की शिक्षकांच्या गटांवर ‘ऋतूंचे उपक्रम’ या नावाने तयार नमुने फिरू लागतात. त्यांत कापसाचा हिमपुरुष असतो, तांबूस पानांचे झाड असते आणि शाळेच्या पहिल्याच आठवड्यात रंगवायची छत्री असते. आपल्या मुलांनी बर्फ पडताना पाहिलेला नाही. इथली पानगळ थंडी सरताना होते, आणि छत्री रंगवून झाली तरी पाऊस जेमतेमच असतो, कारण सोलापूरला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला वर्गात एक सांगितले जाते आणि खिडकीबाहेर दुसरेच दिसत राहते, तेव्हा ते मूल हळूहळू स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोडून देते. मला यातले सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते.

म्हणून ऋतूंचे उपक्रम इथल्या आभाळावरून आणि इथल्या मातीवरून ठरवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उपक्रम मुलाने स्वतःच्या हाताने करावा, तो एका तासात न संपता बदल दिसेल इतके दिवस चालावा आणि त्यातून मुलाला सांगण्यासारखे, मोजण्यासारखे किंवा काढून दाखवण्यासारखे काहीतरी मिळावे, एवढ्याच माझ्या अपेक्षा आहेत. एका तासात चिकटवून फळ्याशेजारी टांगलेल्या कागदी ढगातून यांपैकी काहीच साधत नाही.

पावसाळ्यासाठी मी जे करते ते आधी सांगते. सपाट तळाची आणि सरळ भिंतींची एक काचेची बरणी उघड्यावर ठेवायची, तिच्यावर बाहेरून पट्टी चिकटवायची आणि रोज ठरावीक वेळी दोन मुलांनी जाऊन पाणी किती साठले ते पाहून यायचे. पाऊस झाला नसेल तर त्या दिवशीही नोंद करायची आणि ‘शून्य’ असे लिहायचे. सोलापुरात या शून्यांना फार महत्त्व आहे. पुस्तकातल्या ‘तीन वजा तीन’पेक्षा कोरड्या बरणीतले शून्य पहिलीच्या मुलाला लवकर पटते. नोंदीबरोबर रोज एक मणी दोऱ्यात ओवायचा, कोरड्या दिवसाचा पांढरा आणि पावसाच्या दिवसाचा निळा. जून-जुलैमध्ये पांढऱ्या मण्यांच्या लांब रांगा होतात, सप्टेंबरमध्ये निळे मणी दाटीने येतात, आणि आपल्याकडे पाऊस कधी येतो याचे उत्तर मुले माळेवर बोट ठेवून देतात.

दुसरा उपक्रम मातीचा आहे. तळाला सारखी भोके पाडलेल्या दोन डब्यांपैकी एकात काळी माती आणि दुसऱ्यात माळावरची मुरमाड माती भरून दोन्हींत एकेक पेला पाणी ओतायचे आणि कोणत्या डब्यातून पाणी आधी गळते ते पाहायचे. मुरमातून पाणी झरकन उतरते, तर काळी माती ते धरून ठेवते. नंतर दोन्ही डबे उन्हात ठेवले की काळ्या मातीला काही दिवसांत भेगा पडतात. ओली झाल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर आकसणारी ही माती आपल्या जिल्ह्याच्या शेतीचा पाया आहे आणि मुलांना ती हाताने कळली पाहिजे.

हिवाळा आणि उन्हाळा यांबाबत मला आपल्या सूचना हव्या आहेत. शेतीतील जाणकारांनी अवश्य लिहावे.

माळदांडी

ताई, मी मंगळवेढ्याच्या बाजूचा शेतकरी आहे. हिवाळ्यासाठी आपल्याकडे ज्वारीसारखा दुसरा विषय नाही. शाळा दिवाळीच्या सुटीसाठी बंद राहिली तरी ज्वारी थांबत नाही, आणि पेरणीपासून काढणीपर्यंतचा तिचा सगळा काळ शाळेच्या वर्षात बसतो. आमच्याकडे रब्बीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, डिसेंबर-जानेवारीत हुरडा येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते.

शाळेत दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर) लांबीचा एक वाफा पुरेसा आहे. दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक वीत अंतर ठेवावे. बी फार खोल घालू नये, दोन बोटे पुरे. मुलांना वीत आणि बोटे यांनीच मोजू द्यावे, कारण प्रत्येकाची वीत वेगळी निघते आणि मग सगळ्यांसाठी एकच पट्टी का लागते हा प्रश्न ती स्वतःच विचारतात.

पुढे दर सोमवारी ज्वारीच्या एका ठरलेल्या ताटाशेजारी (धांड्याशेजारी) एका ठरलेल्या मुलाला उभे करावे आणि ताट त्याच्या अंगावर कुठपर्यंत आले ते लिहून ठेवावे. ते आधी घोट्यापर्यंत असते, मग गुडघ्यापर्यंत येते, दिवाळीच्या सुटीनंतर कमरेच्या आसपास दिसते आणि पुढे डोक्यावरून जाते. माळदांडी जातीच्या ज्वारीचे ताट चांगले उंच होते, त्यामुळे शेवटी गुरुजींना उभे करावे लागते आणि मुलांना त्याचा फार आनंद होतो.

दाणा भरू लागला की पाखरे येतात. बुजगावणे त्याच वेळी करायला घ्यावे, त्याआधी नाही. पाखरांनी खाल्लेले कणीस पाहून मुलांनी स्वतः केलेले बुजगावणे आणि हस्तकलेच्या तासाला सांगितले म्हणून केलेले बुजगावणे यांत मोठा फरक पडतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट, जी शहरातील शिक्षकांना ठाऊक असेलच असे नाही. कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य असते. पोटरीत येण्याआधीचे (पानांच्या आवरणात कणीस तयार होण्याआधीचे), विशेषतः पाण्याचा ताण पडलेले पीक खाऊन जनावरे दगावतात, आणि ज्वारीच्या मोडांतही तेच द्रव्य असते. म्हणून मुलांनी ज्वारीचे कोवळे पान किंवा ताट चघळू नये आणि ओल्या कापडात उगवलेले ज्वारीचे मोड खाऊ नयेत. मोड खाण्याचा उपक्रम करायचाच असेल तर त्यासाठी मटकी किंवा मूग घ्यावेत. भाजलेल्या हुरड्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र आगटी (हुरडा भाजण्याची शेकोटी) मोठ्यांनी पेटवावी, कणसे मोठ्यांनीच भाजावीत आणि मुलांच्या हाती चोळण्यापुरते निवलेले कणीस द्यावे.

खिडकीतली_शाळा

दोन्ही लेखन मन लावून वाचले. माझी अडचण अशी आहे की आमच्या शाळेला मैदान नाही, वाफ्यापुरती जागा नाही, आणि वर्गात मुले इतकी आहेत की सर्वांना एकाच वेळी काही करायला देणे शक्य होत नाही. पहिल्या मजल्यावरची एक खोली, एक गॅलरी आणि कुलूप लावलेली गच्ची एवढेच आमच्या हाती आहे. अशा शाळेत ऋतू कसा आणावा?

दुसरीचा_वर्ग

@माळदांडी, काका, कोवळ्या ज्वारीबद्दलची माहिती आपण वेळेवर दिलीत. मोडांचा उपक्रम घेताना अनेक वर्गांत मटकीबरोबर ज्वारीही भिजवली जाते, म्हणून ही सूचना मी आमच्या गटांवरही पाठवत आहे.

@खिडकीतली_शाळा, ताई, ज्वारी सिमेंटच्या स्वच्छ केलेल्या रिकाम्या पोत्यात गॅलरीतही वाढते. शेतातल्यासारखे कणीस भरणार नाही, पण उंची मोजता येते. वर्ग मोठा असेल तर सर्वांनी एकाच दिवशी सगळे करण्याचा हट्ट सोडावा. बरणी पाहायला रोज दोघेच जातात, परत येऊन ते बाकीच्यांना सांगतात आणि बाकीचे त्यांना प्रश्न विचारतात. ‘पाणी कुठपर्यंत होते?’, ‘बरणीत आणखी काय पडले होते?’ असे प्रश्न विचारण्यात वर्ग गुंतून जातो. आपल्या शहरात एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले बसतात. पाहून आलेल्या मुलाने आधी त्याला येईल त्या भाषेत सांगावे, मित्रांच्या मदतीने तेच मराठीत सांगावे आणि मग ते वाक्य फळ्यावर लिहावे. पाहिलेली गोष्ट सांगायची घाई असते तेव्हा मुले भाषेला बुजत नाहीत.

गच्चीवरची_सावली

गच्चीचे कुलूप उघडून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोलापूरला ऋतू पाहण्याची सर्वांत स्वस्त आणि नेमकी सोय म्हणजे उभी काठी. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, पण हा उपक्रम दुसरीच्या मुलांकडूनही उत्तम होतो असा अनुभव आहे.

मातीने भरलेल्या कुंडीत काठी अगदी सरळ रोवावी. मातीच्या वर ती बरोबर एक मीटर राहिली पाहिजे आणि ती सरळ आहे का हे दोऱ्याला दगड बांधून तपासावे. कुंडी मोठी आणि सपाट असेल तरच सावली मातीवर नीट उमटते. तशी नसेल तर काठी विटांच्या आधाराने थेट फरशीवर उभी करणे अधिक चांगले. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची, तेवढ्या लांबीची सुतळी कापायची आणि ती महिन्याचे नाव लिहून भिंतीवर टांगायची. भिंतीवरच्या या सुतळ्यांचाच आलेख होतो आणि मुलांना आलेख हा शब्द माहीत असण्याची गरज पडत नाही.

वेळेबाबत एक खुलासा करतो. सोलापूरला सूर्य घड्याळात बारा वाजता माथ्यावर नसतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखावृत्तावरून ठरते आणि आपण जवळपास 76 अंशांवर आहोत. त्यामुळे आपली सर्वांत आखूड सावली ऋतूनुसार थोडीफार पुढे-मागे होऊन साडेबाराच्या आसपास पडते. तेव्हाच मोजावे.

आता सावलीची लांबी. एक मीटर काठीची ही सावली 22 सप्टेंबरच्या सुमारास साधारण 32 सेंटीमीटर असते आणि 21-22 डिसेंबरला ती 87 सेंटीमीटरच्या जवळ जाते. मकर संक्रांतीला ती 81 सेंटीमीटरच्या आसपास आलेली असते. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुटीआधी ही सुतळी टांगली की ती डिसेंबरच्या सुतळीपेक्षा सहा सेंटीमीटरने आखूड निघते. दिवस मोठा होऊ लागल्याचे घरी ऐकलेले असते, इथे त्याचा पुरावा हातात येतो.

आपले अक्षवृत्त सुमारे 17.7 अंश उत्तर असल्यामुळे आपल्याला आणखी एक नवल पाहता येते. वर्षातून दोनदा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यातला एक दिवस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे सुटीत येतो, तर दुसरा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे शाळा भरलेली असताना येतो. ऑगस्टमध्ये ढगांचा अडथळा फार असतो. म्हणून जुलैच्या शेवटच्या दिवसांपासूनच काठी तयार ठेवावी आणि ऊन पडेल त्या दुपारी मुलांना वर न्यावे. एखादा दिवस मागे-पुढे झाला तरी सावली एक-दोन बोटांपेक्षा जास्त राहत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते. जून महिन्यात शाळा सुरू होताना ती दक्षिणेला सुमारे दहा सेंटीमीटर असते आणि सप्टेंबरमध्ये उत्तरेला गेलेली असते. काठी तीच, जागा तीच, तरी सावलीने बाजू बदललेली पाहिली की दुसरीची मुले अस्वस्थ होतात, एकमेकांशी वाद घालतात आणि पुन्हा पुन्हा खुणा तपासतात. त्या वेळी उत्तर देण्याची घाई कृपया करू नये.

मुलांनी सूर्याकडे पाहायचे नाही, हे प्रत्येक वेळी बजावून सांगावे.

पूर्वभाग_यंत्रमाग

आमच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्या, म्हणून विणकामाविषयी लिहितो. जाड पुठ्ठ्याच्या दोन समोरासमोरच्या कडांना सारख्या अंतरावर खाचा पाडाव्यात, त्यांतून उभे दोरे ताणून घ्यावेत आणि आडवा दोरा एकाच्या वरून, एकाच्या खालून असा नेऊ द्यावा. परतीच्या ओळीत हे उलटे होते. कुठे चुकले तर त्या जागी कापड सैल पडते आणि मुलाला ते कोणी सांगावे लागत नाही. सम-विषम, पुढचा रंग कोणता येणार, एका ओळीला किती दोरा लागतो, हे सगळे त्यातच येते. कारखान्यांतून सुताचे तुकडे सहज मिळतात. मागावर काम करणारे एखाद्या मुलाचे वडील वर्गात येऊन धोटा (आडवा दोरा नेणारे साधन) आणि कांडी (त्यातली सुताची गुंडाळी) दाखवू शकले, तर त्यांना अवश्य बोलवावे. वडिलांच्या कामाला वर्गात मान मिळालेला पाहून त्या मुलाची मान ताठ होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

याला ऋतूची जोड देणे सोपे आहे. चादर आणि टेरी टॉवेल ही दोन्ही आपल्या शहराची उत्पादने असून दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. थंडीत चादरीचा आणि साध्या सुती कापडाचा तुकडा हातावर ठेवून कोणता अधिक उबदार लागतो ते पाहावे. उन्हाळ्यात टॉवेलचा तुकडा आणि तेवढाच साध्या कापडाचा तुकडा पाण्यात बुडवून पिळावा आणि निघालेले पाणी चमच्याने मोजावे. टॉवेलवरच्या उभ्या फासांमुळे तो अधिक पाणी धरतो. मग दोन्ही तुकडे वाळत घालून कोणता आधी सुकतो याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्यावा.

पहिलीच्या_मुलाची_आई

हे सर्व वाचून आनंद झाला, पण एक शंका मोकळेपणाने विचारते. माझा मुलगा पहिलीत आहे. शेजारच्या मुलांची अक्षरओळख पूर्ण झाली आणि माझा मुलगा अजून मण्यांची माळ आणि सावली यांविषयीच बोलतो. उपक्रमांत वेळ गेला तर वाचन-लेखन मागे पडणार नाही का? आम्ही पालक वर्षाच्या शेवटी मूल वाचते की नाही हेच पाहणार.

निवृत्त_गुरुजी

आपली शंका रास्त आहे आणि प्रत्येक शिक्षकाने ती मनावर घेतली पाहिजे. ज्या उपक्रमातून एकही वाक्य वाचले किंवा लिहिले जात नाही, तो पहिलीत फार काळ चालवू नये, असे मी म्हणेन. परंतु वर जे उपक्रम सांगितले आहेत त्यांतून वाचन आपोआप निघते. ‘आज पाऊस पडला नाही’ हे वाक्य जुलैमध्ये फळ्यावर किती वेळा येईल याचा विचार करावा. तेच वाक्य रोज डोळ्यांसमोर आल्याने मूल ते ओळखू लागते, मग ‘पडला’ आणि ‘पडला नाही’ यांतला फरक वाचू लागते, आणि पुढे स्वतः लिहू लागते. त्या मजकुराचा अर्थ त्याने बरणीत पाहिलेला असतो, त्यामुळे ते नुसते घोकत नाही.

शासनाचे धोरणही याच्या विरोधात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठी खेळातून व कृतीतून शिक्षणाचा आग्रह धरला. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे हे आहे. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून बालशिक्षण उभे केले, ते या धोरणांच्या कितीतरी आधी.

शिक्षकांना मात्र एक सांगतो. धाग्यातले सगळे उपक्रम एका वर्षात करण्याचा मोह टाळावा. एका ऋतूत एकच मोठा उपक्रम घ्यावा आणि तो शेवटास न्यावा. जानेवारीत ज्वारीकडे दुर्लक्ष झाले, सुतळी मोजायची राहून गेली, तर मुलांना अर्धवट सोडण्याची सवय लागते.

उन्हाळ्यासाठी माझी सूचना माठाची आहे. सकाळची शाळा सुरू झाली की एक नवा माठ आणि एक स्टीलचे भांडे एकाच वेळी भरून सावलीत ठेवावे. दोन तासांनी मुलांनी दोन्हींतल्या पाण्यात बोट घालून पाहावे, माठाला बाहेरून हात लावावा आणि माठ कशामुळे ओला झाला ते सांगावे. माठातून झिरपलेले पाणी बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेते, ही गोष्ट पुढच्या इयत्तांत येईल. आत्ता ‘ओला असतो तोच गार होतो’ इतके मुलांच्या तोंडून निघाले तरी पुष्कळ झाले.

पहिलीच्या_मुलाची_आई

गुरुजी, आभारी आहे. घरीही एक बरणी ठेवते.

खिडकीतली_शाळा

गच्चीची परवानगी मागितली आहे. तोवर मोजणीसाठी मुलांकडून बिया गोळा करून घ्याव्यात असा विचार आहे. चालेल का?

दुसरीचा_वर्ग

चिंचोके सर्वांत उत्तम. फेब्रुवारी-मार्चपासून चिंच पिकू लागते आणि घरोघरी चिंचोके मिळतात. त्यांचे दहा-दहाचे गठ्ठे छोट्या पिशव्यांत बांधले की दशक-सुटे शिकवायला दुसरे साहित्य लागत नाही. सीताफळाच्या बिया टाळाव्यात, त्या डोळ्यांना फार झोंबतात. एरंड, गुंज आणि धोतरा यांच्या बिया विषारी आहेत, त्या कोणी आणल्याच तर लगेच बाजूला काढाव्यात आणि हात धुवायला लावावेत. गुंजेचा लाल-काळा रंग मुलांना विशेष आवडतो, म्हणून तिच्याबाबत आधीच सांगून ठेवावे.

माझे यंदाचे ठरले आहे. पावसाळ्यात बरणी आणि माळ, हिवाळ्यात ज्वारी, उन्हाळ्यात माठ, आणि वर्षभर महिन्यातून एकदा सावली. विणकाम वेळ मिळेल तसे घेईन. ज्वारीच्या एक-दोन कणसांत दाणे भरल्यावर आणखी एक काम करायचे आहे. प्रत्येक गटाला कणसाचा एकेक झुबका देऊन दाणे मोजायचे, दहा-दहाचे ढीग लावायचे आणि शेवटी सगळ्या गटांची शतके एकत्र आणायची.

@माळदांडी, काका, बियाण्याबद्दल एक विचारायचे आहे. दुकानातल्या पाकिटातील बियाण्याला रंगीत औषध चोळलेले असते. ते लहान मुलांच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडे औषध न लावलेले घरचे बी मिळेल का?

माळदांडी

ताई, औषध चोळलेले बी मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. घरचे राखून ठेवलेले बी मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरला येईन तेव्हा पोहोचवतो. एका कणसाचे दाणे हजारावर जातात, तेव्हा मोजणीला गट पुरेसे करा. बी मिळाल्यावर लगेच पेरू नका. आधी मुलांकडून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत ठेवा, गोणपाट रोज शिंपडून ओले ठेवा आणि चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजा. आम्ही पेरणीआधी हेच करतो. पंचाहत्तरहून कमी उगवले तर बी थोडे दाट टाका आणि नंतर विरळणी करा. ते मोड मात्र मोजून झाल्यावर मातीत गाडून टाका.